पाण्याखालच्या माणसाचा आवाज काठापर्यंत पोहोचणार कसा?

वर्धा शहराला लागून असलेले बोरगाव मेघे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. पाणबुड्यांसाठी तयार होणाऱ्या ध्वनिउपकरणांशी या गावाचा काही संबंध असेल, असे वरकरणी कोणालाही वाटणार नाही. सिंदी मेघे, पिपरी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी यांच्याप्रमाणेच बोरगाव मेघे हेही शहराच्या वाढीबरोबर फुगत गेलेले उपनगर. मात्र येथील माणसांचे आयुष्य पाण्यापासून दूर नाही. विसर्जनासाठी आणि दशक्रियेसाठी पवनारची धाम नदी आहे, सहलीसाठी बोर धरण आहे. जिल्ह्याच्या उत्तर आणि पश्चिम सीमेवरून वर्धा नदी वाहते. त्यांच्या जोडीला गिट्टीच्या बंद पडलेल्या खाणी, शेततळी, विहिरी आणि वाळू उपशाने नदीपात्रात पडलेले खड्डे आहेत. दरवर्षी विदर्भातील वृत्तपत्रांत ‘बुडून मृत्यू’ या मथळ्याच्या बातम्या येत राहतात आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : ‘पाणबुड्यांच्या साहाय्याने शोध सुरू आहे.’

हे वाक्य वाचताना शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर काळा पोशाख, पाठीवर हवेची नळकांडी आणि चेहऱ्यावर काच असलेला प्रशिक्षित जवान उभा राहतो. प्रत्यक्षात घटनेनंतर पहिला जो माणूस पाण्यात उतरतो, तो बहुधा जवळच्या वस्तीतला भोई किंवा ढीवर समाजातील पट्टीचा पोहणारा असतो. त्याच्यापाशी श्वास रोखण्याची सवय, डोहाची माहिती आणि फार तर कमरेला बांधलेला दोर एवढीच सामग्री असते. तो खाली गेला की काठावरच्या कोणालाही त्याचे काय चालले आहे ते कळत नाही, आणि काठावर काय चालले आहे ते त्याला कळत नाही. पाण्याखाली बोलण्या-ऐकण्याची साधने आज जगात उपलब्ध असताना ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत ती का पोहोचत नाहीत, आणि पोहोचली तर कितपत उपयोगी पडतील, हा या निमित्ताने तपासण्याजोगा प्रश्न आहे.

पाण्यात आवाज मरत नाही, दिशा हरवते

पाण्याखाली ऐकू येत नाही, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. १८२६ साली जिनिव्हा सरोवरात कोलाडॉन आणि स्टुर्म या दोघांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला. एका होडीवरून पाण्यातली घंटा वाजवली गेली, त्याच क्षणी दारूचा भडका करून खूण दिली गेली आणि काही किलोमीटर अंतरावरच्या दुसऱ्या होडीवर पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याने तो नाद ऐकला गेला. पाण्यातील ध्वनीचा वेग त्यांनी सेकंदाला सुमारे १४३५ मीटर असा काढला. कोमट गोड्या पाण्यात तो १४८० मीटरच्या आसपास भरतो. हवेत हाच वेग ३४० मीटरच्या जवळपास असतो. म्हणजे पाण्यात ध्वनी चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि दूरवरही जातो.

अडचण निराळीच आहे. हवेत आवाज एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित नंतर पोहोचतो, त्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात वेग वाढल्याने हा फरक चौथ्या हिश्शापेक्षाही कमी उरतो. शिवाय शरीराची घनता पाण्याच्या जवळची असल्याने ध्वनी कवटीच्या हाडांतून थेट दोन्ही आंतरकर्णांत शिरतो. परिणामी बोटीच्या इंजिनाची घरघर पाणबुड्याला स्पष्ट ऐकू येते, पण बोट कोणत्या बाजूने येत आहे हे सांगता येत नाही. गढूळ पाण्यात जेथे डोळे निकामी होतात, तेथे कानही अर्धेच कामाला येतात.

बोलण्याची अडचण याहून मोठी. तोंडात श्वसनयंत्राची नळी धरलेली असताना ओठ हलत नाहीत, आणि ओठांशिवाय शब्द तयार होत नाही. त्यामुळे पर्यटनासाठी किंवा छंद म्हणून पाण्यात उतरणारे पाणबुडे आजही हातवाऱ्यांची भाषा वापरतात. स्वच्छ, निळ्या पाण्यात ती पुरते. काळ्या मातीने गढूळलेल्या पावसाळी नदीत स्वतःचा हात चेहऱ्याजवळ आणला तरी दिसत नाही. तेथे हातवारे कोण पाहणार?

यावर तंत्रज्ञांनी दोन उपाय शोधले. पहिला तारेचा. पाणबुड्याच्या संपूर्ण चेहऱ्याला झाकणारा मुखवटा, त्यात ध्वनिग्राहक, कानाशी छोटा ध्वनिक्षेपक आणि सुरक्षादोरातूनच वर जाणारी तार. काठावरचा माणूस पाणबुड्याचे बोलणे ऐकतो, त्याला सूचना देतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा श्वास सतत ऐकत राहतो. श्वास जलद झाला, अडखळला, थांबला, तर पाणबुड्याने काही सांगण्याआधीच वरच्याला धोका समजतो.

दुसरा उपाय बिनतारी. आकाशवाणीच्या किंवा भ्रमणध्वनीच्या विद्युतचुंबकीय लहरी पाण्यात फार लवकर विरतात, म्हणून येथे ध्वनीच ध्वनीला वाहून नेतो. बोलणे माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर, साधारणपणे २५ ते ३३ हजार हर्ट्‌झच्या ध्वनीवर चढवले जाते, पाण्यातून पाठवले जाते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उतरवून घेतले जाते. शांत, खोल पाण्यात ही यंत्रणा शेकडो मीटरपर्यंत चांगले काम करते. उथळ पाण्यात मात्र ध्वनी तळावर आणि पृष्ठभागावर आपटून प्रतिध्वनी उठतात व शब्द एकमेकांत मिसळतात. पाण्यात बुडबुडे असतील तर ध्वनी शोषला जातो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खाली फेसाळत पडणाऱ्या पाण्यात ही महागडी बिनतारी यंत्रणा मुकी होण्याचीच शक्यता अधिक. विदर्भातील नद्यांसाठी निवड करायची झाली, तर जुन्या पद्धतीची तारच सरस ठरते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बाजारातील संगीत आणि गाळातील शोध

‘पाण्याखालचे ध्वनिउपकरण’ म्हटले की शहरी ग्राहकाला आठवतो तो पोहताना गाणी ऐकवणारा छोटा संच. कानशिलाच्या हाडाला चिकटून कंपने आत पोहोचवणारी ही साधने तरणतलावात नियमित पोहणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाली आहेत. त्यांचीही मर्यादा आहे. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे टिकत नाहीत, म्हणून गाणी संचातच साठवावी लागतात. कानात घट्ट बोळे बसवून खोल उतरणे तर धोक्याचे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. बोळ्याआड अडकलेल्या हवेमुळे अशा वेळी कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. आणि खोल पाण्यात संगीत ऐकणाऱ्याला स्वतःच्या श्वसनयंत्राचा बदललेला आवाज किंवा डोक्यावरून जाणारी बोट ऐकू येणार नाही, ही सुरक्षिततेची बाब वेगळीच.

सिंधुदुर्गातील मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत सागरतळ पाहण्याचे पर्यटन भरभराटीस आले. राज्य पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत प्रशिक्षणाची सोयही उभी केली. तेथे प्रशिक्षक पर्यटकाला हाताशी धरून खाली नेतो आणि खुणांनी संवाद साधतो. परंतु २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तो अपघात पाण्याच्या पृष्ठभागावरचा होता. सागरतळाच्या सफरीइतकीच तिथपर्यंत नेणारी बोट आणि अंगावरचे जीवरक्षक जाकीट महत्त्वाचे असते, याची ती कटू आठवण होती. उपकरणांच्या चर्चेत हा क्रम विसरता कामा नये.

व्यावसायिक क्षेत्रातील चित्र याच्या अगदी उलट आहे. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात समुद्रतळावरच्या नळवाहिन्या दुरुस्त करणारे पाणबुडे काठावरच्या, म्हणजे जहाजावरच्या, सहकाऱ्याशी सतत संवाद साधू शकतील अशीच व्यवस्था असते. जास्त खोलीवर त्यांना हेलियममिश्रित हवा दिली जाते. हेलियममध्ये ध्वनीचा वेग वाढल्याने त्यांचे बोलणे बदकाच्या आवाजासारखे चिरके होते आणि ते उलगडण्यासाठी खास यंत्र वापरावे लागते. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर फलाटाला आग लागली, तेव्हा ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर सहा पाणबुडे दाबकक्षात होते. दाब हळूहळू उतरवल्याशिवाय त्यांना बाहेर काढणे म्हणजे मृत्यूच. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. अमेरिकेत तर पृष्ठभागावरून हवा पुरवल्या जाणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्याशी दुतर्फा बोलण्याची चालू यंत्रणा असणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

भारतीय नौदलाची क्षमताही कमी नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी स्फोटानंतर बुडाली आणि १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले, तेव्हा नौदलाचे पाणबुडे काहीच दिसत नसलेल्या, मोडक्या पोलादाने भरलेल्या अंधारात दिवसेंदिवस उतरत होते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाल्यावर त्याचे अवशेष शोधण्यासाठी ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढणाऱ्या सोनारचा वापर झाला. १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममध्ये ‘निस्तार’ हे खोल पाण्यातील मोहिमांसाठीचे खास जहाज नौदलात दाखल झाले. म्हणजे देशात ज्ञान आहे, यंत्रे आहेत, प्रशिक्षित माणसेही आहेत. ती समुद्राच्या बाजूला आहेत. मरणारी माणसे मात्र मोठ्या संख्येने नदी, तलाव, विहीर आणि खाणींत मरतात.

वर्धा नदीने शिकवलेले

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली. महाराष्ट्र यात आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे. एखाद्या युद्धाला शोभावी अशी ही संख्या. परंतु ती एकेकट्याने, गावोगावी, दुपारच्या उन्हात घडत असल्याने तिची बातमी आतल्या पानावरच राहते.

मोठे अपघात मात्र लक्षात राहतात. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ तरुणांचा बळी गेला. हीच वेणा पुढे वणा म्हणून वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला येते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेल्या आप्तस्वकीयांपैकी ११ जण त्यात गेले. नदी पावसाळी पाण्याने भरलेली होती आणि शोध एका दिवसात संपला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत नाव उलटून शेतमजुरीला निघालेल्या सहा महिला बुडाल्या. मे २०२४ मध्ये उजनी जलाशयात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला.

उजनीच्या त्याच आठवड्यात घडलेली दुसरी घटना या विषयाच्या थेट मुळाशी जाते. अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाच्या शोधासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे धुळ्याचे पथक २३ मे २०२४ रोजी पाण्यात उतरले. प्रवाहात पथकाची बोटच उलटली आणि दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. वाचवायला, किंबहुना मृतदेह काढायला, गेलेली प्रशिक्षित माणसेच बुडाली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी दरड कोसळून एक मालमोटार गंगावळी नदीत गेली. तेथे सोनारने गाळाखालच्या धातूची जागा दाखवली, पण प्रवाह इतका प्रचंड होता की पाणबुड्यांना तळाशी टिकता येईना. स्वेच्छेने उतरलेल्या एका स्थानिक पाणबुड्याची दोरी तुटून तो वाहत गेला व त्याला बाहेर काढावे लागले. मोटार आणि चालकाचा मृतदेह अखेर २५ सप्टेंबरला, दोन महिन्यांहून अधिक काळानंतर, हाती लागला.

या घटना एकत्र पाहिल्या तर दोन निष्कर्ष निघतात. पहिला : बुडणाऱ्याच्या दृष्टीने वेळ मिनिटांत मोजली जाते. प्राणवायूविना चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. राज्य दलाची तुकडी नागपूरला आहे आणि नागपूर ते वर्धा हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. सावंगी आणि सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये बोरगाव मेघेपासून हाकेच्या अंतरावर आहेत, ही जिल्ह्याची जमेची बाजू. परंतु माणूस पाण्याबाहेर वेळेत आला तरच तिचा उपयोग. बाहेरून येणारे पथक जिवंत माणसाला वाचवायला क्वचितच वेळेवर पोहोचू शकते. त्याच्या वाट्याला मृतदेहाचा शोध येतो.

दुसरा निष्कर्ष : या शोधासाठी दुसऱ्या जिवाची बाजी लावली जाते. म्हणूनच संवादाच्या साधनाचा प्रश्न चैनीचा उरत नाही. ते साधन बुडालेल्याला वाचवणार नाही. ते वाचवू शकते ते त्याला शोधणाऱ्याला.

मृतदेहासाठी जोखीम कशाला?

येथे एक कठोर प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळणे योग्य नाही. माणूस गेलाच असेल, तर पाणी ओसरेपर्यंत का थांबू नये? अनेकदा थांबणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो, आणि पूर असताना पाणबुड्या न उतरवण्याचा अधिकार पथकप्रमुखाला निर्विवादपणे असला पाहिजे. काठावरचा जमाव, लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी आणि चित्रवाणीचे कॅमेरे यांच्या दडपणाखाली तो अधिकार गुंडाळून ठेवला जातो, हे वास्तव आहे.

पण थांबण्याची किंमत कुटुंबाला मोजावी लागते, हेही विसरता येत नाही. मृतदेह हाती लागल्याशिवाय अंत्यसंस्कार होत नाहीत. मृत्यूचा दाखला, विमा, बँकेतील ठेव, सातबाऱ्यावरील वारसनोंद हे सारे अडून बसते. बेपत्ता व्यक्तीला कायद्याने मृत मानण्यासाठी सर्वसाधारणपणे सात वर्षे थांबावे लागते; जुन्या पुरावा कायद्यातील ही तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर शेतमजूर घरातील विधवेने सात वर्षे कशाच्या आधारावर काढायची? काठावर दोन-दोन दिवस बसून राहणाऱ्या नातेवाइकांच्या मागे हा व्यवहारही उभा असतो. त्यामुळे शोध तर घ्यायलाच हवा. तो कमीत कमी जोखमीने कसा घेता येईल, एवढाच पर्याय आपल्या हाती राहतो.

आधी दोर, मग तार

उपाय सुचवताना क्रम महत्त्वाचा आहे. महाग यंत्र घेऊन ते जिल्हा मुख्यालयाच्या कोठारात धूळ खात पडू देण्याचा अनुभव सरकारी खात्यांना नवा नाही. मुखवटा, तार, बॅटरी आणि रबरी जोड यांची नियमित निगा राखली नाही, तर ऐन वेळी ते जीवघेणे ठरतात. चेहरा पूर्ण झाकणाऱ्या मुखवट्यात हवा अधिक खर्च होते आणि पाणी शिरल्यास ते बाहेर कसे काढायचे, याचा सराव असावा लागतो. सरावाविना दिलेले साधन दोरापेक्षा धोकादायक.

म्हणून पहिली पायरी बिनखर्चाची आहे. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला दोर आणि तो दोर हाती धरणारा एकच प्रशिक्षित माणूस. जगभरच्या पाणबुड्यांमध्ये दोर ओढण्याची एक ठरलेली भाषा आहे. वरून एक ओढ म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ आणि खालून एक ओढ म्हणजे ‘ठीक आहे’. चार ओढी म्हणजे ‘वर घ्या’. दोन-दोनच्या तीन ओढी म्हणजे ‘अडकलो आहे, मदत पाठवा’. ही भाषा एका दिवसात शिकता येते. आज मात्र अनेक ठिकाणी दोर पाच-सहा जण मिळून धरतात, बाभळीच्या फांदीत किंवा जुन्या जाळ्यात अडकल्याचा झटका आणि मुद्दाम दिलेली ओढ यांतला फरक कोणाला कळत नाही, आणि गडबडीत दोर सैल सोडला जातो.

दुसरी पायरी ध्वनीचीच, पण माणसाविना उतरणाऱ्या ध्वनीची. बोटीतून तळाचे चित्र दाखवणारा साधा सोनार मासेमारीच्या व्यवसायात रुळलेला आहे. आधी त्याने डोह पाहून घ्यावा, संशयित जागा निश्चित करावी आणि मगच पाणबुड्या उतरवावा. तळाशी चाचपडत घालवण्याचे तास त्यामुळे मिनिटांवर येऊ शकतात. २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरील पूल वाहून गेला तेव्हा एसटीच्या गाड्या शोधण्यासाठी जड लोहचुंबक पाण्यात सोडावे लागले होते आणि पहिला सांगाडा सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. मेघालयातील क्सान येथील पाण्याने भरलेल्या कोळसा खाणीत डिसेंबर २०१८ नंतर नौदलाने माणसाऐवजी दूरनियंत्रित यान खाली पाठवले. चंद्रपूर, वणी आणि उमरेडच्या कोळसा खाणींचा शेजार असलेल्या विदर्भाने या दुसऱ्या अनुभवाकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी पायरी तारेच्या बोलक्या मुखवट्याची. प्रत्येक तालुक्याला तो देण्याची गरज नाही. जिल्ह्याला दोन पाणबुड्यांपुरता एक संच, तो वापरणारी ठराविक माणसे आणि दर तीन महिन्यांनी त्यांचा सराव एवढे झाले तरी पुरेसे आहे. असा संच काही लाख रुपयांत उभा राहू शकतो. जिल्हा नियोजन समितीच्या अंदाजपत्रकात ही रक्कम नजरेत भरण्यासारखीही नाही. नागपूरला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनी ही प्रशिक्षण संस्था आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती या जिल्ह्यांना प्रशिक्षणासाठी कोकणात जाण्याची आवश्यकता नाही.

पहिला माणूस कोण?

या साऱ्या यंत्रणेत सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे तो स्थानिक पाणबुड्या. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेने निवडक जिल्ह्यांत स्वयंसेवक प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०१६ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२१ नंतर देशभरातील ३५० जिल्ह्यांपर्यंत, एक लाख स्वयंसेवकांच्या लक्ष्यापर्यंत विस्तारली. संकल्पना योग्यच आहे. परंतु पोलीस पाटलाचा निरोप आल्यावर जाळे टाकून धावणाऱ्या भोई-ढीवर समाजातील माणसाचे नाव या यादीत असते का, त्याचा विमा असतो का, त्याला त्या दिवसाची मजुरी मिळते का, हे प्रत्येक जिल्हा प्रशासनाने स्वतःला विचारून पाहावे. वर्षानुवर्षे श्वास रोखून खोल जाणाऱ्यांना कानाच्या पडद्याचे विकार जडू शकतात. त्यांची साधी वार्षिक तपासणी जिल्हा रुग्णालयात सहज शक्य आहे. तारेचा मुखवटा कोणाच्या चेहऱ्यावर चढणार, याचे उत्तर गणवेशापुरते मर्यादित राहिले तर साधन शहरात राहील आणि जोखीम खेड्यात.

अर्थात, पाण्याखालचा आवाज हे शेवटचे साधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बुडण्याकडे टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा प्रश्न म्हणून पाहण्याचा आग्रह धरला असून, संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ मधील ठरावानंतर २५ जुलै हा दिवस त्यासाठी पाळला जातो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये याविषयी धोरणात्मक चौकट जाहीर केली. शेततळ्याला कुंपण आणि आतून बाहेर येण्यासाठी बांधलेला गाठींचा दोर, बंद खाणीभोवती भिंत, घाटावर खोलीचा फलक, नावेत प्रत्येकाला जाकीट, वाळूच्या खड्ड्यांची नोंद आणि शाळेत पोहण्याचे शिक्षण या गोष्टींनी वाचणारे जीव कोणत्याही मुखवट्याने वाचणाऱ्या जिवांपेक्षा कितीतरी अधिक असतील. ‘मागेल त्याला शेततळे’ देताना त्याला कुंपणही देता आले असते, हे उशिरा सुचलेले शहाणपण म्हणून तरी स्वीकारावे लागेल.

तरीही प्रतिबंध पूर्ण होईल असा दिवस जवळ नाही. तोपर्यंत पवनारच्या घाटावर, बोर धरणाच्या काठी किंवा एखाद्या खदानीत कोणीतरी कमरेला दोर बांधून खाली उतरणारच आहे. मुंबई हायच्या तळाशी उतरणाऱ्या माणसाचा प्रत्येक श्वास वर ऐकला जातो, कारण त्याच्या कंपनीला ते नियमाने बांधील करण्यात आले आहे. धाम नदीत उतरणाऱ्याच्या श्वासालाही तेवढीच किंमत आहे असे राज्य मानत असेल, तर त्याची नोंद पुढच्या जिल्हा आराखड्यात, पावसाळ्यापूर्वी, एका ओळीत तरी दिसली पाहिजे.